बुकिंगच्या आधी एक चक्कर: नागावच्या रूम्स, भरतीचं गणित आणि आजी

गेल्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की तू अलिबागला राहायला गेलास की नुसता रूम्स बघायला? तर नुसता बघायला. एका रात्रीचंही बुकिंग नव्हतं. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून बाईक रो-रोत घातली, तासाभरात मांडव्याला उतरलो, दिवसभर पाच ठिकाणं पाहिली आणि रात्री घरी. ऑफिसमधला मित्र म्हणाला, "एवढं तर आम्ही फ्लॅट घेतानासुद्धा फिरलो नाही!"

पण कारण होतं. माझी आजी ८२ वर्षांची आहे. तिचं माहेर रेवदंड्याचं. दोन वर्षांपूर्वी तिला समुद्र दाखवायला म्हणून आम्ही सगळे गेलो होतो. बुकिंग मीच केलं होतं, ॲपवर, फोटो बघून. फोटोत खिडकीतून समुद्र दिसत होता आणि तो खरंच दिसायचा, फक्त दुसऱ्या मजल्यावरून. लिफ्ट नाही. जिन्याच्या पायऱ्या एवढ्या उंच की आजी एकदा वर चढली ती दोन दिवसांनी चेक-आउटलाच खाली आली. वाळूला पाय लागलाच नाही. काही बोलली नाही ती, खिडकीत बसून राहिली. मला ते अजून खातं.

रिसॉर्ट आधी जाऊन बघणं हा काही माझा शोध नाही. अमेरिकेत फ्लोरिडाला वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आहे, तिथे हे हौशी लोकांचं नेहमीचं काम. कंटेम्पररी, पॉलिनेशियन, ग्रँड फ्लोरिडियन ही तीन हॉटेलं एकाच मोनोरेलच्या फेऱ्यावर आहेत. राहायचं एकात, सुट्टीतला एक दिवस उरलेल्या दोघांच्या लॉबीत भटकायचं, तिथेच जेवायचं आणि पुढच्या खेपेला कुठे राहायचं ते ठरवायचं. आपल्याकडे रायगडमध्ये याच्या सगळ्यात जवळचं म्हणजे खोपोलीचं इमॅजिका आणि त्याला लागून असलेलं नोव्होटेल. ताईच्या पोरांना घेऊन पार्कला गेलो होतो, तेव्हा मी लॉबीत चक्कर मारून आलो. आजीला तिथे पायऱ्यांचा त्रास झाला नसता. पण खोपोलीत समुद्र कुठून आणणार?

म्हणून किनारा. आणि किनाऱ्यावर मोनोरेल नाही, तुमची तुम्हालाच पायपीट करायची आहे.

वेळ कुठली निवडायची, हे पहिलं. चेक-आउट आणि चेक-इनच्या मधली, साधारण अकरा ते एक. रूम्स रिकाम्या असतात, साफसफाई चाललेली असते, दारं उघडी असतात. आदल्या दिवशी फोन करून सांगायचं, "आजीसाठी खोली बघायची आहे, दहा मिनिटं येऊ का?" पाचपैकी चौघांनी आनंदाने हो म्हटलं. पाचवा म्हणाला, फोटो पाठवलेत ना? त्याच्याकडे मी तरीही गेलो, आणि फोटो का पाठवले होते ते कळलं.

ते सांगतो. फोटोत दाट सुपारीची वाडी, मधून पायवाट, झोपाळा. प्रत्यक्षात चार माड, एक प्लास्टिकचं हिरवळीचं कार्पेट आणि कडक ऊन. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या त्यात आडव्या झाल्या. सुपारीचं झाड लावल्यावर उत्पन्न द्यायला पाच-सहा वर्षं तरी घेतं, त्यामुळे हे नुकसान एका सीझनमध्ये भरून येत नाही. मालकाला नावं ठेवायची नाहीत, त्याची वाडी गेली. पण फोटो वादळाच्या आधीचा असेल तर तो आता जाहिरातीत नको. मी तेव्हापासून एकच विचारतो: "दादा, आत्ता या क्षणी व्हिडिओ कॉल करून अंगण दाखवता का?" जाणं जमत नसेल तर निदान एवढं करा.

आता मुख्य गोष्ट, "बीच टच". हा शब्द रेवसपासून हरिहरेश्वरपर्यंत प्रत्येक दुसऱ्या बोर्डावर आहे. मी गेलो तो पौर्णिमेनंतरचा दिवस. नागावला साडेबाराच्या सुमारास एका ठिकाणी कठड्यावर उभा राहिलो तर लाट जवळजवळ खालच्या दगडांना लागत होती. मनात म्हटलं, हीच रूम! ॲडव्हान्स द्यायला फोन काढलाच होता. पण जेवून, बाकीची ठिकाणं बघून सहाला परत तिथेच आलो, तर समुद्र गायब. पाणी इतकं लांब गेलेलं की मधल्या ओल्या वाळूवर पोरं क्रिकेट खेळत होती. अलिबाग-नागावचा किनारा उताराला अगदी सपाट आहे, त्यामुळे पाणी थोडं उतरलं तरी लांबवर मागे जातं. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं ते यामुळेच. आजीला एवढं चालवत कोण नेणार?

रात्री घरी येऊन तिला सांगितलं तर हसायला लागली. "अरे, तिथीची पाऊणपट कर ना!"

ही ट्रिक कोकणातल्या लोकांना पाठ असते, माझ्या बीटेकच्या चार वर्षांत कुणी शिकवली नाही. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल तो पूर्ण भरतीचा वाजण्याचा आकडा. चतुर्थी असेल तर ४ गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता भरती, पहाटेही आणि दुपारीही. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. मी साडेबाराला लाट बघितली ती हीच. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. पाऊण तासाचा हिशेब तिथून आलाय. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पाण्यात उतरायचं असेल तर भरतीचं अधिकृत वेळापत्रक बघा. पण रूम बुक करायला हे पुरतं.

आजीला हवी आहे संध्याकाळ. चहा घेऊन बसायचं आणि पाणी जवळ हवं. म्हणजे सहाला भरती हवी. सहा येतात कधी? ८ गुणिले पाऊण. अष्टमी! तोटा एकच, अष्टमीची भरती भांगाची, पौर्णिमेच्या उधाणासारखी कठड्याला भिडत नाही. पण ओहोटीलाही पाणी तेवढं लांब पळत नाही. मी इतके दिवस रूम शोधत होतो, शोधायची होती तारीख.

बाकी तपासण्या पटकन सांगतो. रूममध्ये बसून फोन लावून बघा, रिसेप्शनवर नाही. रेंज भिंतीआड मरते. वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा, हे नेमकं विचारा, कारण "बॅकअप आहे" याचा अर्थ बहुतेक ठिकाणी पंखा असाच निघाला. बाथरूमचा उंबरठा मी टेपने मोजला. एका ठिकाणी नऊ इंच होता! सुरमईची थाळी हवी तर सकाळी सांगावं लागतं. आणि भाडं: २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या रूमवर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८. त्यामुळे कोणी आठ हजार म्हणालं तर थोडी घासाघीस करायला हरकत नाही, फरक दोघांनाही कळतो.

ज्या काकूंचं घर शेवटी ठरलं, ते या पाचांत सगळ्यात साधं. बोर्डावर "बीच टच" नाही. तळमजला, दारात एकच पायरी, वाडीतून सिमेंटची वाट थेट किनाऱ्याच्या कट्ट्यापर्यंत. काकूंनी स्वतःच विचारलं, "आजींना कमोडच्या बाजूला धरायला काही लागेल का? सुतार बोलावते." भाडं शनिवारचं ४,५००, रविवार रात्रीचं २,८००. आम्ही रविवार घेतला, सोमवारी मी वर्क फ्रॉम होम टाकलंय. रेंज बघितलेली आहे!

येताना रो-रोनेच जायचं, गाडी थेट बोटीत चढते. गेटवेच्या लाँचवर हलत्या फळीवरून चढणं तिला जमायचं नाही. रेवदंडा तिथून जवळच, सोमवारी सकाळी माहेरच्या गल्लीत गाडीतूनच एक फेरी.

काल बुकिंग पक्कं झाल्याचं सांगितलं तर आजीने भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं, चष्मा लावून तिथी तपासली आणि म्हणाली, "अष्टमी साडेचारला संपते रे. नवमी धर. पावणेसात."

चहा पावणेसातला.