श्रावणघेवड्याचा पहिला महिना

मेक्सिको आणि अँडीज पर्वताचा परिसर ही ज्याची मूळ भूमी, तो श्रावणघेवडा महाराष्ट्राच्या बाजारांत आणि स्वयंपाकघरांत आज इतका रुळला आहे की, त्याच्या परकेपणाची कोणाला आठवणही राहिलेली नाही. कोवळ्या शेंगा पेरणीपासून सुमारे ४५ ते ५० दिवसांत तोडणीस येतात. आणि एवढ्या अल्प मुदतीच्या पिकाला बाल्यावस्थेत झालेली हानी भरून काढण्यास अवकाशच मिळत नसल्यामुळे, त्याच्या यशापयशाचा निकाल पहिल्या महिन्यातच लागतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जमीन भुसभुशीत आणि उत्तम निचऱ्याची हवी, कारण पाणी साचले की बी उगवण्यापूर्वीच कुजते. खरिपाची पेरणी जून-जुलैत करतात; दोन ओळींत ३० ते ४५ आणि दोन रोपांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर ठेवतात. हे पीक द्विदल असले तरी त्याच्या मुळांवर नत्राच्या गाठी पुरेशा धरत नाहीत, म्हणून शेणखताबरोबर नत्राची तजवीज वेगळी करावी लागते.

खरी कसोटी तणांची. घोळ, केना आणि माठ यांचा बंदोबस्त खुरप्याने सहज होतो. हराळी आणि लव्हाळा यांचे मात्र तसे नाही, कारण लव्हाळ्याची गाठ जमिनीत शाबूत राहिली तर वरचे पाते कितीही वेळा कापले तरी ते पुन्हा डोके वर काढते, आणि म्हणून या दोहोंचे निर्मूलन पेरणीपूर्वीच्या मशागतीत, गाठी आणि काश्या वेचूनच केले पाहिजे. उगवणीनंतर घेवड्याची मुळे वरच्या थरातच पसरत असल्याने खोल खुरपणी तणाबरोबर पिकालाही दुखावते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एकदा आणि त्यानंतर पंधरवड्याने पुन्हा, हलक्या हाताने, पाने कोरडी असताना निंदणी करावी. ओल्या पिकात वावरल्याने करपा आणि तांबेरा एका रोपावरून दुसऱ्यावर जातो.

उपटलेले तण बांधावर ढीग करून टाकण्याची आपली जुनी सवय मात्र मला फार घातक वाटते, कारण त्या ओलसर ढिगाखालीच गोगलगाई दिवसभर आश्रय घेतात आणि तेथेच अंडी घालतात. तण आणि गोगलगाय हे दोन शत्रू वेगवेगळे मानणे हीच मुळात चूक आहे. १८४७ साली विल्यम बेन्सन यांनी मॉरिशसहून आणून कलकत्त्याच्या चौरंगीत सोडलेली आफ्रिकी शंखी गोगलगाय देशभर पसरत गेली, आणि २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव या जिल्ह्यांत तिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, हे शेतकऱ्यांच्या चांगलेच स्मरणात आहे. शंख नसलेली गोगलगाय आकाराने लहान, पण घेवड्याच्या वाफ्यात तिचा उपद्रव कमी नसतो. पाने सकाळी कुरतडलेली दिसली आणि मातीवर चिकट, चकाकणारी रेघ आढळली, तर गुन्हेगाराविषयी शंका उरत नाही.

उपाय साधे आहेत, परंतु चिकाटीचे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली पोती संध्याकाळी ओळींमध्ये पसरावीत आणि सूर्योदयापूर्वी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून वेचून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ थेट जमिनीवर मात्र पसरू नये. ते मातीची प्रकृती बिघडवते. पाऊस थांबलेला असेल तेव्हा बांधाकडेने कोरड्या चुन्याचा पट्टा ओढावा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या प्रभावी असल्या तरी कुत्र्यांना जीवघेण्या ठरतात, म्हणून जेथे जनावरे फिरतात तेथे त्या वापरणे मला मान्य नाही.

घेवड्याचे बीजदल जमिनीबाहेर येते आणि त्याच्या मधोमध कोंब असतो. तो कोंब खाल्ला गेला की रोप उभे राहूनही वाढत नाही. अशा रोपाची आशा धरून बसण्यात अर्थ नाही. पेरणीच्या वेळीच थोडे बियाणे राखून ठेवावे आणि आठ-दहा दिवसांच्या आत नांग्या भरून घ्याव्यात, म्हणजे शेंगांची तोडणी सर्व ओळींत सारख्या वेळी येते.