पत्ता आणि नकाशा

मुखेडमधील एखाद्या गृहस्थाच्या नावाने पत्र आले, की टपालवाला ते बिनचूक त्याच्या दारी नेऊन देतो. पाकिटावर ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढाच मजकूर असला, तरी त्याचे अडत नाही. कोणते देऊळ आणि त्यामागील कोणते घर, हे त्याला वर्षानुवर्षांच्या फेऱ्यांनी ठाऊक झालेले असते. पत्ता हा माणसाने माणसाला सांगितलेला असतो. ऐकणारा त्याच गावचा असला, म्हणजे थोडक्या शब्दांत काम भागते.

परंतु ऐकणारा परका असला तर? इ. स. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात, १७ तारखेच्या रात्री व १८ च्या पहाटे, मुखेड तालुक्यात अतोनात पाऊस झाला. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली या गावांना पुराने वेढले. काही माणसे प्राणास मुकली. अडकलेल्यांच्या सुटकेसाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि सैन्याची तुकडी धावून आली. अशा प्रसंगी दुरून येणाऱ्या पथकाला गावातील देऊळ किंवा पार ठाऊक नसतो. हाती गावांची यादी असते आणि पुढे एकच प्रश्न असतो : ही गावे नेमकी कोठे आहेत? यादीतील प्रत्येक नावाची खूण नकाशावर योग्य जागी उमटली, तरच त्या प्रश्नाचे उत्तर मिळते.

संगणकावरील किंवा मोबाइलवरील नकाशावर खूण उमटण्यासाठी दोन संख्या लागतात : अक्षांश आणि रेखांश. मुखेड सुमारे १८.७ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७७.४ अंश पूर्व रेखांशावर वसले आहे. एवढे सांगितले, की पृथ्वीच्या पाठीवरील त्याची जागा ठरते. मात्र या संख्यांचा क्रम चुकता कामा नये. त्यांची अदलाबदल झाली, तर मुखेडची खूण उत्तर ध्रुवाकडील स्वालबार्ड बेटांपाशी, बर्फाळ समुद्रात जाऊन पडेल !

या संख्या किती बारकाईने द्याव्या, हेही महत्त्वाचे आहे. अक्षांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते. दशांश चिन्हापुढे एकच अंक दिला, तर जागा सुमारे ११ किलोमीटरच्या टप्प्यानेच सांगता येते. चार अंक दिले, तर तोच टप्पा सुमारे ११ मीटरचा होतो. म्हणजे खूण जवळजवळ घराच्या अंगणापर्यंत पोचते.

पत्त्यावरून या संख्या कशा मिळतात? प्रथम पत्त्याचे भाग वेगळे करतात : घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिनकोड. ‘मु. पो.’, ‘ता.’, ‘जि.’, ‘बु.’, ‘खु.’ अशी संक्षिप्त रूपे सर्वत्र सारखी करून घेतात. मग संगणक आपल्याजवळच्या स्थळांच्या मोठ्या सूचीत ते नाव शोधतो. सूचीत नावापुढे अक्षांश-रेखांश नोंदलेले असतात. नाव जुळले, की ते घेऊन तो नकाशावर खूण करतो. शेकडो पत्त्यांची यादी त्यास दिली, तरी हे काम तो थोड्या वेळात उरकतो.

खरी अडचण नावांत असते. मुखेड नावाचे एक गाव नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यातही आहे. मुखेड तालुक्यात जांब बुद्रुक आहे, तर जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव होय. नुसते ‘जांब’ लिहिले, तर संगणकाने कोठे जावे? येथे पिनकोड उपयोगी पडतो. श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. नांदेड जिल्ह्यातील मुखेडचा पिनकोड ४३१७१५ असा आहे. नाशिककडील मुखेडचा ४२ ने सुरू होतो. त्यामुळे दोन्ही गावे चटकन वेगळी ओळखता येतात. पुढे २०२५ मध्ये टपाल खात्याने ‘डिजिपिन’ ही नवी पद्धत आणली. तीत देशाची भूमी सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनास दहा अक्षर-अंकांचा स्वतंत्र संकेत दिला आहे.

काळही पत्ते बदलतो. उदगीर पूर्वी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाला आणि उदगीर त्यात आले. उस्मानाबादचे नावही २०२३ मध्ये धाराशिव झाले. जुन्या यादीतील ‘उदगीर, जि. उस्मानाबाद’ हा पत्ता आज जुळत नाही; पण उदगीर जागचे हललेले नाही. किल्लारीचे नेमके उलट झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपानंतर त्या भागातील अनेक गावे नव्या जागी वसविली गेली. तेथे नाव तेच राहिले आणि जागा बदलली.

पत्ता नीट जुळला नाही, तर संगणक पुष्कळदा घराऐवजी गावाच्या मध्यावर, गावाऐवजी तालुक्याच्या ठिकाणी खूण करून मोकळा होतो. दहा वाड्यांच्या दहा खुणा मुखेड शहरावर एकावर एक पडल्या, तर पाहणाऱ्यास एकच खूण दिसेल आणि वाड्या नकाशावरून नाहीशा होतील. चुकीची खूणही बरोबर खुणेइतकीच ठळक दिसते, हा यातील मोठा धोका आहे.

म्हणून जाणता माणूस खुणा उमटल्यावर थांबत नाही. प्रत्येक खूण आपल्या तालुक्याच्या हद्दीत आहे की नाही, हे तो पाहतो. संशय आला, तर त्या गावच्या माणसास विचारतो. जागा नक्की कळली नाही, तर तसे स्पष्ट नोंदवून ठेवतो. अंदाजाने खूण करीत नाही. संगणक नाव शोधतो, पण हे नाव कोणत्या गावाचे, हे त्या मातीत वावरलेला माणूसच खात्रीने सांगू शकतो. पुराच्या रात्री छपरावर बसून वाट पाहणाऱ्या कुटुंबाकडे नाव पोचते, ती अशा खऱ्या खुणेच्या आधाराने.