रिकाम्या यादीमागची चूक

एखाद्या ग्रंथालयाची सूची एक्सएमएल डेटाबेसमध्ये आहे, असे धरू. एक्सएमएलमध्ये घटकांची नावे देवनागरीतही चालतात. त्यामुळे 'पुस्तक' आणि त्याच्या पोटात 'शीर्षक', 'लेखक', 'किंमत'. प्रोग्रामरने सगळी शीर्षके मागवली, पण घाईत पहिली वेलांटी देऊन 'शिर्षक' लिहिले. पुढे काय होते? काहीच नाही. एक्सपाथ या क्वेरी-भाषेच्या लेखी ही चूकच नव्हे. त्या नावाचा घटक सापडला नाही, म्हणून एक्सपाथ रिकामी यादी देतो. ग्रंथालयात पुस्तकेच नसती, तरी हेच उत्तर आले असते.

ही गप्प बसणारी चूक सर्वांत घातक. तिचे कारण साधे आहे: जावा किंवा सी शार्पमध्ये क्वेरी बहुधा अवतरणचिन्हांत कोंबलेला मजकूर असते आणि त्या चिन्हांच्या आत कंपायलर डोकावत नाही. वापरणाऱ्याने टाइप केलेले शब्द त्याच मजकुराला जोडले, तर बाहेरच्या माणसाला क्वेरीचा अर्थच बदलता येतो.

एक्सएमएलला 1998 मध्ये मान्यता मिळाली. पाच वर्षांनी मायक्रोसॉफ्टमधील एरिक मायर आणि वोल्फ्राम शुल्टे यांनी गॅव्हिन बिअरमन यांच्यासह ऑब्जेक्ट, एक्सएमएल आणि तक्ते यांना वर्तुळ, त्रिकोण आणि चौकोन म्हणत, हे तिन्ही एकाच भाषेत नांदवण्याचा आराखडा मांडला. त्यातून 'सी ओमेगा' ही प्रायोगिक भाषा आकाराला आली. तिच्यातल्या कल्पना 2007 मध्ये 'लिंक' या नावाने सी शार्पमध्ये उतरल्या आणि क्वेरी अवतरणचिन्हांतून बाहेर पडून भाषेच्या व्याकरणात आली.

अर्धीच, असे म्हणावे लागेल. 'लिंक टू एक्सएमएल'मध्ये घटकाचे नाव अजूनही मजकूर म्हणूनच द्यावे लागते, आणि थेट वाचलेली किंमतही मजकूरच असते. ती आकड्यात बदलून न घेता चढत्या क्रमाने लावली, तर 1500 हे 900 च्या आधी येतात!

उरलेले काम स्कीमा करते. कोणत्या घटकात काय असावे, हे त्यात लिहिलेलेच असते. 'लिंक टू एक्सएसडी' किंवा जावातील 'जॅक्सबी' ही साधने त्यावरून क्लास तयार करतात. मग 'शीर्षक' ही पुस्तकाची प्रॉपर्टी आणि 'किंमत' दशांश संख्या. वेलांटी चुकली, तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही.

पण स्कीमा आणि क्लास यांची मापे नेहमी जुळत नाहीत. 'लेखक किंवा संपादक, दोन्हींपैकी एकच' हे स्कीमात सहज लिहिता येते. सी शार्पच्या साध्या क्लासमध्ये त्याला सरळ जागा नाही. राल्फ लेमेल आणि मायर यांनी या विसंगतीवर स्वतंत्र निबंधच लिहिला.

डेटाबेस आला की आणखी एक पायरी वाढते. 'लिंक टू एक्सएमएल' मेमरीत आणलेल्या दस्तऐवजावर चालते, आणि लाखो पुस्तकांची सूची मेमरीत ओढणे परवडत नाही. सी शार्पमध्ये क्वेरी लगेच न चालवता तिचा 'एक्स्प्रेशन ट्री' करता येतो. तो वाचून एक्सएमएल डेटाबेसच्या एक्सक्वेरी या भाषेतील क्वेरी तयार करणारा प्रोव्हायडर लिहिला, तर तपासणी प्रोग्रामरच्या टेबलावर होते आणि शोध सर्व्हरवर. मात्र क्लास ज्या स्कीमावरून बनले, त्याच्याशी पडताळूनच प्रत्येक दस्तऐवज डेटाबेसमध्ये घ्यायला हवा. जुन्या, न पडताळलेल्या नोंदींत कुठे काय दडले आहे, हे कंपायलरला दिसत नाही.