अंबाडीच्या बोंडांचा लाल चहा

'चहा टाकू?' या प्रश्नाला आलेलं 'नको' हे उत्तर आपल्या सीमाभागात सहसा कुणी मनावर घेत नाही. पाहुणा 'नको नको' म्हणेपर्यंत आधण चढलेलं असतं. पण हल्ली बहुतेक घरांत एखादं तरी माणूस असं असतं, की ज्याला खरोखरच चहा नको असतो. कुणाला पित्ताचा त्रास, कुणाला रात्री झोप नाही, कुणाला डॉक्टरांनी साखर बंद केलेली. अशांसाठी सुपरमार्केटच्या फडताळावर रंगीत खोकी मांडलेली दिसतात. स्ट्रॉबेरी, संत्रं-दालचिनी, सफरचंद, मिक्स बेरी! मोठ्या हौसेनं एक खोकं घरी येतं. सवयीप्रमाणे दूध घातलं जातं आणि ते फाटतं. मग दुधाशिवाय एक घोट घेतला जातो. आंबटढाण! चार चमचे साखर घालून तो कप कसाबसा संपतो आणि खोकं डब्यांच्या मागं जाऊन बसतं.

दोष खोक्याचा नाही आणि जिभेचाही नाही. हे पेयच वेगळं आहे. ते करायची रीत वेगळी, चाखायचीही वेगळी. आणि त्याचा मुख्य घटक आपल्या भाजीबाजाराला चांगलाच ओळखीचा आहे.

नाव चहा, पण चहा नव्हे

आसामचा असो वा निलगिरीचा, खरा चहा 'कॅमेलिया सायनेन्सिस' या एकाच झुडपाच्या पानांपासून होतो. ग्रीन टीसुद्धा त्याच झुडपाचा. त्यामुळं लिंबाच्या स्वादाचा ग्रीन टी घेतला तरी पोटात कॅफिन जातंच. फळांच्या हर्बल चहात मात्र चहाचं पानच नसतं, म्हणून रात्री घेतला तरी झोप उडत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही स्पष्ट केलं, की चहाच्या झुडपापासून न केलेल्या पेयाला वेष्टनावर 'चहा' म्हणता येणार नाही. घरात बोलताना आपण म्हणू. खोकं विकत घेताना मात्र मागची बाजू वाचावी.

तिथं घटकांची यादी असते. जे वजनानं जास्त ते आधी, असा त्या यादीचा नियम. समोर भलीमोठी स्ट्रॉबेरी छापलेली असली, तरी यादीत सुरुवातीला बहुतेक वेळा हिबिस्कस, रोझहिप म्हणजे जंगली गुलाबाची फळं आणि सफरचंदाचे तुकडे असतात. स्ट्रॉबेरी शेवटी नावापुरती किंवा नुसत्या 'फ्लेवर'च्या रूपात. कपातला लाल रंग आणि आंबटपणा येतो तो हिबिस्कसचा.

हे हिबिस्कस म्हणजे देवाला वाहायची जास्वंद नव्हे. ही तिची चुलत बहीण, आपली लाल देठाची अंबाडी! कानडीत पुंडी. भाकरीबरोबर जिची पातळ भाजी आपण खातो, हैदराबादकडं जिच्या पानांची गोंगुरा चटणी होते, तीच. पानं आपण खुडतो, पण फूल गळल्यावर मागं राहणाऱ्या लाल, मांसल बोंडांकडं आपल्या भागात फारसं कुणी पाहत नाही. विदर्भात त्याची चटणी आणि सरबत करतात. इजिप्त आणि सुदानमध्ये त्याच बोंडांचा 'करकदे' पाहुण्यांपुढं ठेवतात. मेक्सिकोत त्याचं गार पेय घरोघरी होतं. जर्मनीत तर फळांचा चहा हा रोजच्या पिण्यातला, आणि त्यातही ही बोंडं असतातच.

घरचा लाल चहा

पावसाच्या सुरुवातीला परसात किंवा मोठ्या कुंडीत लाल अंबाडीची चार रोपं लावावीत. दिवस लहान होऊ लागले, की ती फुलावर येते. फूल गळल्यानंतर बोंडं भरली, पण अजून कोवळी आहेत, तेव्हाच ती खुडावीत. मधली बियांची गाठ काढून टाकावी आणि बाहेरच्या लाल पाकळ्या सावलीत कडकडीत वाळवाव्यात. ओल राहिली तर बुरशी धरते. काचेच्या बरणीत घट्ट झाकून ठेवल्या, की वर्षभराची सोय झाली.

एका कपाला दोन-तीन बोंडांच्या पाकळ्या, म्हणजे साधारण दोन ग्रॅम पुरे. पाणी खळखळून उकळावं, गॅस बंद करावा, पाकळ्या टाकून सात-आठ मिनिटं झाकून ठेवावं. दुधाच्या चहासारखं उकळत ठेवू नये. आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्यावं. जर्मनचं पातेलं नको, कल्हई नसलेलं पितळी तर मुळीच नको. आंबट पदार्थ धातूला लागतो. बोअरच्या जड पाण्यात रंग मळकट येतो. पाण्यातल्या क्षारांनी आंबटपणा मोडतो आणि त्याबरोबर लालीही उतरते.

आता फळांचा स्वाद. संत्र्याची साल स्वच्छ धुऊन, आतला पांढरा कडू भाग खरवडून वाळवावी. बोटभर तुकडा एका कपाला पुरतो. सफरचंदाच्या वाळवलेल्या चकत्या वापरायच्या असतील, तर त्या आधी पाच मिनिटं पाण्यात उकळाव्यात, कारण फळ सावकाश उतरतं. गवती चहाची दोन पाती किंवा दालचिनीचा तुकडा घातला, तर वासाला जोड मिळते. अंबाडी मिळाली नाही, तर मीठ न लावलेली कोकमं घ्यावीत. एका कपाला एक-दोन पुरतात. घरच्या चहाचा वास खोक्यातल्यासारखा नाकात शिरत नाही, कारण वरून स्वाद घातलेला नसतो. तो हळूच येतो.

घोट कसा घ्यावा

पहिला घोट साखरेशिवाय घ्यावा. आधी वास घ्यावा आणि कप जरा निवू द्यावा. चहा पारखणारे चमच्यातला घोट सुर्रकन आवाज करून ओढतात, कारण हवेबरोबर वास नाकापर्यंत पोचतो. घरात तसं करायला हरकत नाही! आधी आंबट, मग जिभेच्या कडेला तुरट आणि शेवटी फळाचा वास, अशा तीन पायऱ्या जाणवतात. तिसऱ्या पायरीपर्यंत थांबलं, की हा चहा आवडू लागतो.

खरी अडचण साखरेची. आंबट पेय साखर मागतं, आणि दुधाच्या चहात दोन चमचे घेणारा माणूस यात तीन घालतो. तीन चमचे म्हणजे जवळपास बारा-पंधरा ग्रॅम. वरून घातलेली साखर दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते. म्हणजे दोन कपांतच हिशेब संपला. साखर टाळण्यासाठी चहा बदलायचा आणि बदललेल्या चहात जास्त साखर घालायची, याला काय अर्थ? त्यापेक्षा बोंडं कमी घालावीत आणि बडीशेप किंवा दालचिनी वाढवावी. त्यांच्या वासानं गोडीचा भास होतो.

काही खोक्यांत गोडीसाठी ज्येष्ठमध असतं. ते रोज आणि जास्त पोटात गेलं, तर रक्तदाब वाढू शकतो. उलट अंबाडीनं तो थोडा उतरतो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात रक्तदाब किंचित वाढलेल्या ६५ जणांपैकी काहींना सहा आठवडे रोज तीन कप हा चहा दिला. त्यांचा वरचा आकडा सरासरी सातनं खाली आला. नुसतं रंगीत, चवीचं पाणी घेणाऱ्यांचा जेमतेम एकनं. म्हणून गोळी बंद करून बोंडं उकळत बसू नये. गोळी चालू असेल किंवा घरात गर्भवती असेल, तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. दातांसाठीही एक काळजी घ्यावी. आंबट चहा दिवसभर घोटघोट पिऊ नये, प्यायल्यावर साध्या पाण्यानं चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये.

बोंडं थंडीच्या सुरुवातीला खुडली, तर संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत वाळून तयार होतात. त्या दिवशी दुधाच्या चहाचा ट्रे फिरतोच; त्याच ट्रेत चार लाल कपही ठेवावेत. मधुमेहामुळं दरवर्षी 'मला नको हो' म्हणणाऱ्या वहिनींना आणि मावशींना त्या दिवशी रिकाम्या हातानं बसावं लागणार नाही.