‘बेड रेस्ट’ या दोन शब्दांचा अर्थ

इस्पितळातून मिळालेल्या कागदावर ‘बेड रेस्ट’ हे दोन शब्द दिसले, की घरची मंडळी त्यांचा अर्थ ‘रुग्णाला हात लावू नये, निजला आहे तसाच निजू द्यावा’ असा करून मोकळी होतात; आणि ही समजूत मी इतक्या घरांतून, इतक्या शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून ऐकली आहे, की तिच्याविषयी गप्प राहणे आता मला अशक्य झाले आहे.

माझ्या आत्याबाई पक्षाघाताने अंथरुणाला खिळल्या, तेव्हा दर थोड्या वेळाने कूस बदलायला येणाऱ्या परिचारिकेला त्यांच्या सूनबाई मायेपोटीच अडवीत : “सिस्टर, डॉक्टरांनी पूर्ण बेड रेस्ट सांगितलीय. आत्ता कुठे डोळा लागलाय, राहू द्या ना.” चौथ्या दिवशी त्या सिस्टरने आत्याबाईंना कुशीवर धरून माकडहाडापाशी उमटलेला, रुपयाच्या नाण्याएवढा तांबूस डाग आम्हांला दाखवला आणि त्यावर बोट दाबून उचलले. निरोगी कातडी अशा वेळी क्षणभर फिकी पडून पुन्हा रंग धरते. हा डाग मात्र होता तसाच राहिला. शय्याव्रणाची, म्हणजे ज्याला वॉर्डात ‘बेडसोर’ म्हणतात त्याची, ही पहिली पायरी. सावळ्या कातडीवर असा तांबूसपणा दिसतोच असे नाही. म्हणून माकडहाड, टाचा, खुबे आणि कोपरे यांवर तळहात ठेवून एखादी जागा भोवतालापेक्षा गरम वा घट्ट तर लागत नाही ना, हे रोज पाहावे लागते.

वस्तुस्थिती अशी, की ‘बेड रेस्ट’ हा रुग्णाने पलंग सोडून उतरू नये एवढाच हुकूम आहे. पलंगावर हालचाल करू नये असा त्याचा अर्थ कोणत्याही शुश्रूषाशास्त्रात नाही. निरोगी माणूस झोपेतही नकळत अनेकदा कूस पालटतो. जो ते करू शकत नाही, त्याचे मांस हाड आणि गादी यांच्यामध्ये दाबले जाते, तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात, आणि रक्ताचा पुरवठा तुटलेला तो भाग काही तासांतच मरू लागतो. सिस्टर ज्याला ‘पोझिशन देणे’ म्हणते, ते म्हणजे झोपेत देह आपोआप करतो ते काम दुसऱ्याच्या हातांनी करणे होय. कण्याला इजा झालेल्या रुग्णालाही तीन-चार जण मिळून, मान, पाठ आणि पाय एका रेषेत राखून, ओंडक्यासारखे एकसंध वळवतात. त्याला ‘लॉग रोल’ म्हणतात. ज्याचा कणा मोडला आहे त्यालाही जर वळवावे लागते, तर आत्याबाईंना का नको?

किती वेळाने वळवावे, याविषयी ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत धोका असलेल्या प्रौढांसाठी किमान दर सहा तासांनी आणि अधिक धोका असलेल्यांसाठी किमान दर चार तासांनी असे म्हटले आहे. आपल्याकडचा दोन तासांचा शिरस्ता याहून कडक आहे, आणि जेथे गाद्या साध्या व माणसे थोडी, तेथे तो मोडू नये असेच माझे मत आहे.

ज्यांना हे सारे नव्या काळाचे खूळ वाटते त्यांच्यासाठी दाखला देतो : लंडनचे वैद्य रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लेख लिहिला तो १९४७ साली, आणि १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापलेल्या आढाव्यात, पंधरा निरनिराळ्या व्याधींवरील ३९ चाचण्या तपासूनही सक्तीच्या शय्याविश्रांतीने लक्षणीय सुधारणा झाल्याचे एकाही चाचणीत आढळले नाही, उलट काही चाचण्यांत अपाय दिसला. याचा अर्थ रुग्णाला पहिल्याच दिवशी उभे करून चालवावे असाही नव्हे. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत वारंवार उठवण्याची जी मोठी चाचणी २०१५ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाली, तिच्यात अशा रुग्णांची सुधारणा कमीच झाली. उठवावे केव्हा, हे डॉक्टरांनी ठरवायचे. अंथरुणातली कूस त्यासाठी थांबत नाही.

इतर गैरसमज थोडक्यात सांगतो. लाल पडलेल्या जागी स्पिरिट-पावडर लावून रगडणे हा जुना प्रघात आता सोडावा. ‘नाइस’ची मार्गदर्शिका चोळण्याला स्पष्ट मनाई करते, कारण दाबाने दुखावलेले मांस रगडल्याने अधिकच दुखावते. रबरी चक्तीवर बसवल्याने मधला भाग सुटतो, पण कडेचा दाबला जातो. हवेची गादी आणली तरी कूस बदलण्याची जबाबदारी संपत नाही. चादरीखालच्या रबरी कापडाला वॉर्डात ‘मॅकिन्टॉश’ म्हणतात, ते १८२३ साली जलरोधक कापडाचे पेटंट घेणाऱ्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांच्या नावावरून. पण ते गादीच्या रक्षणासाठी असते, आणि त्यावर सुती ड्रॉ शीट, म्हणजे आडवी अंथरलेली चादर, नसेल तर रुग्णाच्या पाठीखाली घाम कोंडतो. ‘स्पंज’ म्हणताच लोकांना तापातल्या ओल्या पट्ट्या आठवतात. सिस्टर रोज सकाळी देते तो स्पंज म्हणजे अंथरुणातली अंघोळ, आणि काखा, जांघा व स्तनांखालच्या घड्या कोरड्या टिपल्याखेरीज ती पुरी होत नाही. नळीने अन्न घेणाऱ्याचे तोंड आपोआप स्वच्छ राहते हेही खोटे; चघळणे थांबले की लाळ कमी होते, जंतू माजतात आणि ते फुप्फुसांत उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. आणि पक्षाघाताच्या रुग्णाला काखेत हात घालून कधीही उचलू नका : लुळ्या बाजूचा सैल पडलेला खांदा निसटतो, दोघांनी ड्रॉ शीटचे काठ धरून त्याला वर सरकवावे.

आत्याबाईंचा डाग वेळीच दिसला म्हणून जखमेपर्यंत गेला नाही, आणि त्या सिस्टरच्या हाताखाली कूस बदलायला आता सूनबाई स्वतः उभ्या राहतात. आपल्या माणसाच्या कागदावर ‘बेड रेस्ट’ लिहिले असेल, तर इस्पितळ सोडण्यापूर्वी डॉक्टरांना वा सिस्टरला चार प्रश्न विचारा : कुशीवर वळवायचे का, उशाशी टेकवून बसवायचे का, पाय खाली सोडायचे का, शौचाला चालवत न्यायचे की बेडपॅन द्यायचे. या चारही प्रश्नांची उत्तरे त्याच कागदावर लिहून घ्या.