घरातील तिसरी तार

भारतातील घरांत भिंतीवर बसविलेल्या सॉकेटाला सामान्यतः तीन छिद्रे असतात. खालची दोन सारख्या आकाराची असून वरचे एकटे छिद्र अधिक मोठे असते. नियमाप्रमाणे जोडणी केलेली असेल, तर सॉकेटाकडे तोंड करून उभ्या राहणाऱ्याच्या उजव्या हाताच्या छिद्रात फेजची तार येते व डाव्या हाताच्या छिद्रात न्यूट्रलची. उपकरण चालण्यास या दोन तारा पुरेशा होत. वरच्या छिद्रामागची तिसरी तार नसली तरी इस्त्री तितकीच तापते आणि शीतकपाटात पाणी तितकेच गार होते. खरी अडचण नेमकी येथेच आहे. जिच्यावाचून रोजचे काहीच अडत नाही, ती तार गंजली आहे, तुटली आहे, की मुळात जोडलेलीच नाही, हे वर्षानुवर्षे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

या तारेला भूसंपर्काची तार किंवा व्यवहारातील शब्दाने ‘अर्थिंग’ म्हणतात. तिचे प्रयोजन समजण्यासाठी प्रथम जमिनीचा आणि विजेचा संबंध पाहिला पाहिजे. वस्तीला वीज पुरविणाऱ्या रोहित्रापाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, न्यूट्रलची तार मुद्दाम जमिनीला जोडलेली असते. तसे केले नाही आणि रोहित्रात बिघाड होऊन ११,००० व्होल्टची बाजू घरगुती बाजूला चिकटली, तर घरातील तारांचा दाब जमिनीच्या तुलनेने भयंकर वाढू शकेल. या सुरक्षिततेची एक किंमत मात्र मोजावी लागते. जमीन स्वतःच विद्युत् मंडलाचा एक भाग बनते. तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. जमिनीवर अनवाणी उभा असलेला मनुष्य फेजच्या तारेला एका बोटाने स्पर्श करतो, तेव्हा २३० व्होल्टच्या दाबाने प्रवाहाला त्याच्या शरीरातून रोहित्राकडे परतण्याचा मार्ग मिळतो.

असा प्रवाह किती असला म्हणजे प्राणघातक ठरतो? सुमारे १ मिलिअँपिअर प्रवाहाने नुसत्या मुंग्या आल्यासारखे वाटते. १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडविता येत नाही. ‘विजेने ओढून धरले’ असे लोक म्हणतात ते यामुळेच. प्रवाह ५० मिलिअँपिअरच्या पुढे जाऊन काही क्षण टिकला, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते बंद पडण्याचा धोका असतो. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असू शकतो. ओल्या शरीराचा रोध मात्र हजार ओहमपर्यंत उतरतो आणि मग २३० व्होल्टच्या दाबाने २३० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. साध्या दिव्याला लागणाऱ्या प्रवाहाहूनही हा फारसा अधिक नाही.

उत्तर भारतात उन्हाळ्यात घरोघरी चालणारा डेझर्ट कूलर घ्या. पत्र्याची पेटी, तळाशी पाणी, त्या पाण्यात बुडालेला लहानसा पंप, वर पंख्याची मोटर आणि सभोवती सांडलेल्या पाण्याने ओली झालेली फरशी. धोका निर्माण करण्यासाठीच जणू ही मांडणी योजली असावी. हंगाम संपला की तो गच्चीवर पडून राहतो आणि पुढच्या वर्षी पुसून पुन्हा चालू केला जातो. दरम्यान पंपाच्या तारेवरील निरोधक आवरण कोठेतरी उकललेले असते. फेजची तार पत्र्याला टेकते, तरीही पंखा फिरतच राहतो. मग कोणीतरी पाणी भरण्यासाठी ओल्या पायांनी जाऊन पेटीला हात लावतो. अशा मृत्यूंच्या बातम्या वृत्तपत्रांतून जवळजवळ दर उन्हाळ्यात येतात.

भूसंपर्काची तार अशा वेळी काय करते? ती पत्र्याला थेट जमिनीशी जोडते, म्हणून प्रवाह मनुष्याऐवजी तारेतून निघून जातो, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. तारेचे मुख्य काम प्रवाहाला वाट देणे एवढेच नाही. फेजची तार पत्र्याला टेकताच इतका मोठा प्रवाह वाहिला पाहिजे, की वितळतार, म्हणजे फ्यूज, तत्काळ वितळावी किंवा स्वयंचलित खटका पडावा आणि पत्र्याचा वीजपुरवठाच तुटावा. भूसंपर्क आणि वितळतार ही जोडी आहे, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. समजा, अंगणातील भूसंपर्काचा रोध ४० ओहम आहे व रोहित्रापाशी तो २ ओहम आहे. घरातील भूसंपर्क त्या खड्ड्यावरच अवलंबून असेल, तर २३० व्होल्टच्या दाबाने केवळ साडेपाच अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरच्या खटक्याला त्याची जाणीवही होणार नाही, आणि कूलरचा पत्रा सुमारे २२० व्होल्टवर तसाच राहील. इतकेच नव्हे, घरातील सर्व उपकरणांच्या तिसऱ्या तारा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे कूलरमधील बिघाडाचा दाब स्वयंपाकघरातील शीतकपाटाच्या दारापर्यंत पोचेल. निकृष्ट भूसंपर्क कधीकधी धोका घरभर वाटण्याचे काम करतो!

म्हणून जमिनीतील खड्ड्याला महत्त्व आहे. रूढ पद्धतीप्रमाणे सुमारे अडीच मीटर लांबीची जस्तलेपित लोखंडी नळी, किंवा ६० सेंटिमीटर लांबी-रुंदीची धातूची पाटी जमिनीत पुरतात आणि तिच्याभोवती कोळसा व मीठ यांचे थर देतात. कोळसा ओल धरून ठेवतो आणि मिठामुळे त्या ओलीची संवाहकता वाढते. काळी माती दमट असताना उत्तम साथ देते. राजस्थानची कोरडी वाळू किंवा दख्खनचा कातळ तशी साथ देत नाही. पावसाळ्यात समाधानकारक आढळलेला भूसंपर्क मे महिन्यात कुचकामी ठरू शकतो, आणि कूलर तर मे महिन्यातच चालतात. खड्ड्याच्या तोंडाशी नरसाळे बसविलेले असते ते पाणी ओतण्यासाठी.

एके काळी पुष्कळ घरांत तिसरी तार नळाच्या लोखंडी नळीला गुंडाळून काम भागविले जाई. ही पद्धत तेव्हाही सदोष होती. पुढे लोखंडी नळ्यांच्या जागी प्लास्टिकच्या नळ्या आल्या. जेथे मध्येच एखादा तुकडा बदलला गेला, तेथे त्यापलीकडचा जमिनीशी संबंध कोणालाही न कळता तुटला. आता उपकरणात बिघाड झाला, तर स्नानगृहातील नळच विजेने भारला जाईल. याहून वाईट युक्ती म्हणजे सॉकेटाच्या मागे न्यूट्रल व भूसंपर्क यांना एका तुकड्याने जोडून टाकणे. खर्च वाचतो, सारे ठीक चालले आहे असे दिसते. एखाद्या दिवशी न्यूट्रलची तार मागे कोठेतरी सुटली, की उपकरणातून आलेला फेजचा दाब त्या तुकड्यावाटे सरळ बाहेरील पत्र्यावर येतो.

प्लगच्या रचनेत मात्र पुरेशी दूरदृष्टी आहे. भारतातील गोल पिनांचा प्लग मुळात ब्रिटनच्या १९३४ च्या मानकावर आधारलेला आहे. ब्रिटनने १९४७ नंतर चौकोनी पिनांचा, आतच वितळतार असलेला प्लग स्वीकारला. भारतात गोल पिनाच टिकल्या व त्यांसाठी आयएस १२९३ हे मानक ठरले. वरची पिन जाड असते, ती इतर छिद्रांत शिरू नये म्हणून. ती लांब असते, ती प्लग लावताना सर्वांत आधी जुळावी व काढताना सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. झडपा असलेल्या सॉकेटात तीच खालच्या छिद्रांची दारे उघडते. पेन्सिल खुपसून ती दारे उघडणारा किंवा उघड्या तारा आगकाडीने सॉकेटात दाबून बसविणारा मनुष्य ही सारी योजना एका क्षणात निकामी करतो. दोन पिनांचे प्रत्येक उपकरण धोक्याचे असते असे मात्र नव्हे. चौकोनात चौकोन हे चिन्ह असलेल्या उपकरणाला दुहेरी निरोधक आवरण असते आणि त्याला तिसऱ्या तारेची गरज नसते.

कोरडी जमीन व मोठा रोध यांवर आज उपलब्ध असलेला उपाय म्हणजे गळती ओळखणारा खटका. बाजारात तो ‘आरसीसीबी’ या नावाने मिळतो. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक आढळताच निमिषार्धात पुरवठा तोडतो. तिसरी तार धड असेल, तर बिघाड होताच, कोणाचा हात लागण्यापूर्वीच, तो पडतो. ती नसेल, तर हात लागल्यावर पडतो. त्या खटक्यावर ‘टी’ अक्षराचे एक लहान बटण असते. ते अधूनमधून दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर तो बदलण्यास झालेला आहे. मात्र त्या बटणाने केवळ खटक्याची परीक्षा होते. खड्ड्याची परीक्षा मापकयंत्र लावून स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते, आणि ती उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना केलेली बरी.