भाचा खरंच तुरुंगात आहे का?

परवा दुपारी शेजारच्या काकू फोन घेऊन धावत आल्या. "ह्यूस्टनचा वकील म्हणतोय, आमच्या भाच्याला अटक झालीय, तासाभरात जामिनाचे दीड लाख पाठवा!"

म्हटलं, काकू, आधी बसा. सार्वजनिक नोंदी चाळायचा नाद मला आहेच.

अमेरिकेत असल्या नोंदी बऱ्यापैकी उघड्या असतात. लोक थेट फेडरल तुरुंगांच्या साइटवर जातात. तिथे 1982 पासूनचे कैदी नावाने सापडतात, पण फक्त फेडरल. नुकता पकडलेला माणूस बहुधा काउंटी जेलमध्ये असतो. ह्यूस्टन मुख्यतः हॅरिस काउंटीत, म्हणून शोध तिथल्या शेरीफच्या साइटवर. नावात गोंधळ होतो: पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव चिकटलेलं, कधी स्पेलिंग वेगळं. दोन-तीन प्रकारे टाकून बघा.

नाव नाही मिळालं म्हणजे सुटलो असं नाही. नोंद चढायला वेळ लागतो. मग जेलला फोन करायचा, नंबर साइटवरचा, 'वकिला'ने दिलेला नव्हे.

1963च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क असतो. ह्यूस्टनला भारताची वकिलात आहे, तिथेही विचारता येतं. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टलही आहे.

ब्रिटनचं वेगळं. तिथे कैद्याची संमती असल्याशिवाय पत्ता सांगत नाहीत.

आणि भाचा? पाचव्या रिंगला उचलला. "मावशी, रात्रीचे दोन वाजलेत गं!"

कुणाला असा फोन आला असेल तर देश-शहर कमेंटमध्ये टाका, कुठे शोधायचं ते सांगतो. नाव मात्र टाकू नका.